‘पृथ्वी सत्तेखाली आणा’: एका फिरत्या मेसेजला वसईतून उत्तर

गेल्या वर्षी जूनच्या पाच तारखेला, पर्यावरण दिनी, आमच्या शाळेच्या ग्रुपवर रोपं लावतानाचे फोटो येत होते. त्यातच एक मेसेज आला. पाठवणारी माझी जुनी मैत्रीण, सातवीपर्यंत माझ्याच बाकावर बसलेली. तिने तो लिहिला नव्हता, फक्त पुढे पाठवला होता. तुमच्यापैकी अनेकांकडे तो येऊन गेला असेल. मजकूर साधारण असा:

ख्रिस्ती धर्मात निसर्गाला किंमत नाही. त्यांच्या बायबलच्या पहिल्याच पानावर देव माणसाला सांगतो, पृथ्वी सत्तेखाली आणा. त्यांना झाडात, नदीत, डोंगरात देव दिसत नाही, म्हणून ते बिनदिक्कत तोडतात. जगाचा शेवट जवळ आलाय अशी त्यांची समजूत, मग जपायचं कशाला? हे आम्ही म्हणत नाही, त्यांच्याच एका अमेरिकन प्राध्यापकाने सिद्ध केलंय. आपली जंगलं तोडणारे इंग्रज-पोर्तुगीज ख्रिस्तीच होते. आणि आता पोप पर्यावरणावर बोलतात ती फक्त फॅशन.

मी वसईची, कॅथलिक घरातली. आमची केळीची वाडी होती, वाडीत विहीर होती आणि विहिरीच्या अंगाला बावखल, म्हणजे खणलेलं तळं, होतं. मेसेज वाचून राग आला. पण त्यात एक-दोन वाक्यं अशी होती की ती खोटी म्हणून झटकून टाकता येईनात, म्हणून त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. आता एकेक मुद्दा घेते.

‘पृथ्वी सत्तेखाली आणा’

हे वाक्य बायबलमध्ये आहे. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक, पहिला अध्याय, अठ्ठाविसावं वचन. मूळ हिब्रू शब्दही सौम्य नाहीत. ‘कबाश’ म्हणजे दाबून ताब्यात घेणं, ‘रादा’ म्हणजे राज्य चालवणं. काही प्रवचनांत हे शब्द इतके मऊ करून सांगतात की देवाने जणू कुंडीला पाणी घालायला सांगितलं होतं. मला ते पटत नाही. शब्द आहे तो आहे. बघायचं ते एवढंच, की बायबल सत्ता कशाला म्हणतं.

त्याच्या पुढचंच वचन वाचा. नुकतीच सत्ता मिळालेल्या माणसाला देव खायला काय देतो? बी देणाऱ्या वनस्पती आणि फळझाडं. त्यालाच लागून पशुपाखरांना हिरवा पाला. मांस खाण्याची मुभा येते ती थेट नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर. म्हणजे ज्याला सगळ्या प्राण्यांवर सत्ता दिली, त्याला त्यांतला एकही मारून खायची परवानगी नव्हती. सत्ता म्हणजे हवं ते ओरबाडायचा परवाना, हा अर्थ त्या पानावरच टिकत नाही.

‘रादा’ हा शब्द पुढेही येतो. बायबलच्याच लेवीय या पुस्तकात: तुझ्याकडे चाकरीला राहिलेल्या भावावर कठोरपणे सत्ता चालवू नको. यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायात तर देव इस्राएलच्या राज्यकर्त्यांना मेंढपाळ म्हणून उभं करतो आणि जाब विचारतो. दुबळ्या मेंढराला तुम्ही बळ दिलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधलं नाही. तुम्ही जोरजुलमाने सत्ता चालवली. म्हणून तो त्यांच्या हातून कळप काढून घेतो. जुलमी सत्तेवर देव असा उलटतो.

मराठी माणसाला हे समजायला जड नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं याची ताकीद आहे. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं आहे, पण त्याला हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. सत्ता आहे, आरमार उभं करायची निकड आहे, आणि तरीही हात आवरायचा आहे. आता बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा विसावा अध्याय काढा. शहराला वेढा पडला असेल तरी तिथली फळझाडं कुऱ्हाडीने तोडू नका. रानातलं झाड काय माणूस आहे, की त्याला वेढा घालावा? दोन्ही मजकूर मी पहिल्यांदा शेजारी ठेवून वाचले तेव्हा अंगावर काटा आला होता. दोन्हींमधलं अंतर दोन हजार वर्षांहून जास्त.

मेसेज लिहिणारा पहिल्या अध्यायावर थांबला. दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो, आणि कशासाठी ठेवतो हेही सांगतो: तिची मशागत करायला आणि राखण करायला. मशागतीसाठी जो हिब्रू शब्द आहे, ‘अबाद’, त्याचा अर्थ सेवा असाही होतो. राखणीचा शब्द ‘शामार’. हाच शब्द काइनच्या तोंडी येतो. भावाचा खून करून आलेल्या काइनला देव विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? तो म्हणतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? कोकणात आणि गोव्यात ‘राखणदार’ या शब्दाला काय वजन आहे ते मी सांगायला नको. वाडीच्या राखणीला रात्री बांधावर झोपलेल्या माणसालाही ते ठाऊक असतं. वाडी त्याची नसते आणि सकाळी मालकाला जाब द्यायचा असतो.

मालक कोण हेही लेवीयमध्ये स्पष्ट लिहिलंय: जमीन कायमची विकू नका, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. दर सातव्या वर्षी शेत पडीक टाकायचं. त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांनी खावं, त्यांनी सोडलेलं रानातल्या जनावरांनी. मळणीच्या बैलाला मुसकी बांधायची नाही. घरट्यात पाखरू अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेलं सापडलं, तर पिलांबरोबर आईला धरायचं नाही, तिला सोडायचं. एवढ्या बारीकसारीक गोष्टींत जो देव लक्ष घालतो, त्याला निसर्गाची किंमत नाही असं म्हणायला बायबल न वाचलेलंच बरं.

‘त्यांना झाडात देव दिसत नाही’

खरं आहे. आम्ही झाडाला देव मानत नाही. या श्रद्धेपायी ख्रिस्ती लोकांनी पवित्र झाडं तोडलीही आहेत, हे लपवायचं कारण नाही. आठव्या शतकात संत बोनिफेसने जर्मनीत गाइस्मार इथला लोकांच्या देवाचा ओक वृक्ष तोडला. पुढे कित्येक शतकं ती गोष्ट अभिमानाने सांगितली गेली. मला तिचा अभिमान वाटत नाही.

पण झाड देव नाही, म्हणजे झाड क्षुद्र आहे, हे कुठून आलं? माझ्या आजीने शिवलेली गोधडी माझ्याकडे आहे. गोधडी म्हणजे आजी नव्हे. म्हणून मी तिने फरशी पुसत नाही. बायबलमधलं एकशे चौथं स्तोत्र सगळंच्या सगळं या भावनेने लिहिलंय. झरे दऱ्यांतून वाहतात, रानगाढवं तहान भागवतात, लबानोनच्या देवदारांत पाखरं घरटी करतात, उंच डोंगर रानबोकडांसाठी आहेत, रात्र पडते तेव्हा सिंहाचे छावे देवाकडे भक्ष्य मागत गर्जतात. माणूस या यादीत मधेच कुठेतरी येतो: सूर्य उगवला की कामाला जातो आणि संध्याकाळी परततो. बस, एवढंच. ईयोबाच्या पुस्तकात तर देव ईयोबाला विचारतो, जिथे माणूसच राहत नाही त्या ओसाड रानात पाऊस कोण पाडतो? म्हणजे माणसाच्या उपयोगी नसलेल्या जागेवरही देवाचं लक्ष आहे.

देवराई ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी इथिओपियाची गोष्ट. त्या देशाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात मूळ जंगल जवळजवळ संपलं आहे. शेतं आणि चरून उघडे पडलेले माळ. वरून पाहिलं तर त्या तपकिरी रंगात मधेच हिरवे गोल ठिपके दिसतात, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मध्यावर एक गोल छपराचं चर्च असतं. तिथली ऑर्थोडॉक्स मंडळी चर्चभोवतीचं रान एदेन बागेची छोटी प्रतिकृती मानून शतकानुशतकं राखत आली. अलेमायेहू वासी या तिथल्या शास्त्रज्ञाने या रानांचा अभ्यास केला. गुरं आत शिरून रोपं खात होती, म्हणून पाळक आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन रानाभोवती दगडी गडगे घालायचं काम सुरू झालं. दगड आजूबाजूच्या शेतांतूनच वेचलेले, त्यामुळे शेतंही मोकळी झाली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी आपल्या देवरायांबद्दल जे लिहिलं, ते इथल्या एखाद्या भगताला वाचून दाखवा आणि इथिओपियाच्या पाळकालाही. दोघंही मान हलवतील. एकाला तिथे देव राहतो म्हणून फांदी तोडायची नाही, दुसऱ्याला ती देवाची आहे म्हणून.

‘जग संपणारच आहे, मग जपायचं कशाला?’

असं बोलणारे ख्रिस्ती उपदेशक आहेत, अमेरिकेत तर बरेच. हवामानबदलाची चेष्टा करणारे आहेत. मी त्यांची वकिली करत नाही. त्यांच्याच पंथातल्या कॅथरीन हेहो या हवामानशास्त्रज्ञ गेली अनेक वर्षं त्यांच्या चर्चमध्ये जाऊन, त्यांच्याच भाषेत त्यांना समजावत आहेत.

पण या मुद्द्यासोबत नेहमी एक वाक्य फिरतं: अमेरिकेतल्या रेगन सरकारचे गृहमंत्री जेम्स वॉट म्हणाले होते की शेवटचं झाड पडलं की ख्रिस्त परत येईल. एक तर त्या खात्याचा आपल्याकडच्या गृहखात्याशी संबंध नाही. ते सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं खातं. दुसरं म्हणजे वॉट असं म्हणालेच नव्हते. १९८१ साली संसदेच्या समितीपुढे ते म्हणाले ते असं: प्रभू येण्याआधी अजून किती पिढ्या आहेत ते मला माहीत नाही, जितक्या असतील तितक्यांसाठी संसाधनं शिल्लक राहतील अशा कौशल्याने आपण ती हाताळली पाहिजेत. त्यांची धोरणं खाणवाल्यांच्या सोयीची होती आणि त्यांवर टीका व्हायलाच हवी. पण न बोललेलं वाक्य माणसाच्या तोंडी घालू नये. अमेरिकेतल्या एका नामांकित पत्रकाराने ते वाक्य वापरलं आणि नंतर माफी मागितली. मेसेज मात्र फिरतोच आहे.

शेवटाबद्दल बायबल काय म्हणतं? प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायात न्यायाची वेळ येते, तेव्हा देव कोणाचा नाश करणार याच्या यादीत एक नाव स्पष्ट आहे: पृथ्वीचा नाश करणारे. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल लिहितो की सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हते आहे, सुटकेची वाट बघते आहे. कण्हणाऱ्या बाळंतिणीला कोणी ‘नाहीतरी संपणारच’ म्हणून टाकून जात नाही.

‘त्यांच्याच प्राध्यापकाने सिद्ध केलंय’

हे प्राध्यापक म्हणजे लिन व्हाइट, मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे इतिहासकार. ‘सायन्स’ नियतकालिकात मार्च १९६७ मध्ये त्यांचा लेख आला. पर्यावरण संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, हा धर्म जगातला सर्वांत मानवकेंद्री धर्म आहे, असं त्यांनी लिहिलं. लेख महत्त्वाचा होता. चर्चला तो झोंबला आणि झोंबायलाच हवा होता.

मात्र ‘सिद्ध केलं’ हे खरं नाही. ती मांडणी होती आणि तिच्यावर लगेच आक्षेप आले. चीनमधली जंगलं ख्रिस्ती विचार पोचण्याआधीच मोठ्या प्रमाणावर तुटली होती, हा त्यांतला एक. आणि व्हाइट स्वतः ख्रिस्ती होते. त्यांनी पाश्चात्त्य चर्चबद्दल लिहिलं, पूर्वेकडच्या चर्चचा विचार वेगळा आहे असंही लिहिलं. लेखाच्या शेवटी ते म्हणतात की हा प्रश्न नुसत्या विज्ञानाने सुटणार नाही, आणि पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत म्हणून एक नाव सुचवतात. ते नाव आसिसीच्या संत फ्रान्सिसचं. सूर्याला भाऊ, पाण्याला बहीण, पृथ्वीला बहीण आणि आई म्हणणारा तेराव्या शतकातला फकीर. ज्यांचा लेख ख्रिस्ती धर्माविरुद्ध पुरावा म्हणून फिरतो, ते औषध शोधायला त्याच धर्माच्या घरात जातात. लेखानंतर बारा वर्षांनी, १९७९ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिसला तो मान अधिकृतपणे दिलाही.

‘जंगलं तोडणारे ख्रिस्तीच होते’

इंग्रजांनी १८६४ साली वनखातं काढलं ते मुख्यतः सागवानासाठी, रेल्वेच्या स्लीपरांसाठी, जहाजांसाठी. ज्यांचं रान होतं त्यांनाच चोर ठरवलं. पोर्तुगीज सत्तेत तर चर्च आणि राज्य हातात हात घालून चालत होते. वसईच्या किल्ल्यात आजही त्याची साक्ष उभी आहे. हे सगळं खरं, आणि चर्चने त्या सत्तेला पुरेसं अडवलं नाही हेही खरं.

पण सागवान तोडायला लावलं ते नफ्याने. ईस्ट इंडिया कंपनी १८१३ पर्यंत मिशनऱ्यांना आपल्या मुलखात मोकळेपणाने येऊही देत नव्हती. विल्यम केरीला डॅनिश लोकांच्या सेरामपूरमध्ये आसरा घ्यावा लागला. तोच केरी पुढे भारतीय वनस्पतींवरचे रॉक्सबर्गचे ग्रंथ छापून काढतो आणि १८२० साली कृषी व फलोद्यान संस्था काढतो. दुसरीकडे बघा: सोव्हिएत रशिया अधिकृतपणे देव न मानणारा देश होता. त्याने कापसासाठी आमू दर्या आणि सिर दर्या या नद्या वळवल्या आणि जगातल्या सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी एक, अरल, आटवून टाकलं. तिथे कोणी उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचत नव्हतं. हावेला धर्म लागत नाही. सोयीचं असेल तेव्हा ती धर्माचा अंगरखा घालते.

आणि मुंबईत बसून हा मेसेज पाठवणाऱ्यांनी एकदा सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमबद्दल, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाबद्दल, विचारून बघावं. ते ज्यांच्या नावाने आहे ते एथेलबर्ट ब्लॅटर येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू. त्याच परंपरेतले स्पेनहून आलेले फादर सांतापाव खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षं फिरले, तिथल्या वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि १९६१ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. सह्याद्रीतल्या झाडांची नावं आज ज्या कागदांवरून पडताळली जातात, त्यांत झगा घातलेल्या या माणसांनी वाळवून चिकटवलेली पानं आहेत.

‘पोप बोलतात ती फॅशन’

पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पत्र २०१५ सालचं. त्यात, ज्या वचनावर हा सगळा वाद आहे त्याच वचनाबद्दल ते थेट लिहितात: माणसाला सत्ता दिली म्हणजे इतर जीवांवर निरंकुश हुकमत दिली, हा अर्थ आपण ठामपणे नाकारला पाहिजे, आम्ही ख्रिस्ती लोकांनी वचनाचा चुकीचा अर्थ लावला होता, हेही त्यांनी मान्य केलं. पण त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १९९० च्या नववर्षदिनी, जॉन पॉल दुसरे यांचा शांतिदिनाचा संदेश पूर्णपणे याच विषयावर होता. ऑर्थोडॉक्स चर्चने १९८९ पासून १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. त्या चर्चचे धर्मप्रमुख पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी १९९७ साली स्पष्ट सांगितलं की निसर्गाविरुद्धचा गुन्हा हे पाप आहे. पाप हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

फॅशनसाठी कोणी जीव देत नाही. सिस्टर डोरोथी स्टँग ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलात छोट्या शेतकऱ्यांबरोबर राहत होत्या, जंगल न जाळता शेती कशी करायची हे शिकवत होत्या. जमीन बळकावणाऱ्यांना त्या नको होत्या. १२ फेब्रुवारी २००५ ला अनापू इथे चिखलाच्या रस्त्यावर दोन माणसांनी त्यांना अडवलं. त्यांनी पिशवीतून बायबल काढलं आणि येशूची ‘धन्य ते’ ही वचनं वाचून दाखवली. मग त्यांना गोळ्या घातल्या. वय ७३.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात जा. स्वित्झर्लंडहून १९४८ साली आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाकर इथल्या दुष्काळी गावांत हिंडले. बी-बियाणं, विहिरी, कर्ज, सगळं करून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डोंगर उघडा असेल तर विहिरीत पाणी येणार कुठून? मग पाणलोटाचं काम, माथ्याकडून पायथ्याकडे: सलग समतल चर, बांध, झाडं. जर्मन मदतीतून मोठा कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था काढली. ती धर्मप्रसाराची संस्था नाही. सगळ्या जातिधर्मांच्या गावांत काम करते. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यातलं गाजलेलं गाव. अट गावासाठी कडक: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. शेळ्यामेंढ्यांवर पोट असलेल्या घराला चराईबंदी म्हणजे काय हे विचारून बघा. ती अट गावसभेत गावकऱ्यांनी स्वतः मान्य करायची होती, वरून लादायची नव्हती. आज तिथल्या डोंगरावर गवत आहे.

आणि वसई. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना महाराष्ट्राने २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून पाहिलं, पण आम्ही त्यांना आधी पाहिलं ते रस्त्यावर. हरित वसई संरक्षण समितीच्या मोर्च्यात, बिल्डर-गुंडांच्या दहशतीविरुद्ध, टँकरवाल्यांनी विहिरी उपसण्याविरुद्ध. माझी आई त्या मोर्च्यांना जायची. तिच्यासोबत चालणाऱ्या बायकांत हिंदूही होत्या, मुसलमानही. केळीच्या पानात बांधलेली भाकरी आणि हातात फलक. कोणी कोणाला विचारत नव्हतं की तुझ्या धर्मग्रंथाच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय.

जे त्या मेसेजने म्हटलं नाही

एक गोष्ट तो मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावी, नाहीतर त्याने नक्की घातली असती. २०१३ साली केरळमध्ये, पश्चिम घाट वाचवण्यासाठीच्या गाडगीळ आणि कस्तुरीरंगन अहवालांविरुद्ध उघडपणे उभं राहणाऱ्यांत इडुक्कीचा कॅथलिक धर्मप्रांत पुढे होता. त्यांचं म्हणणं होतं की डोंगरातला शेतकरी उठवला जाईल. ती भीती अगदीच निराधार नव्हती. अहवाल लोकांपर्यंत नीट पोचवलेच गेले नव्हते. पण उतारावरच्या दगडखाणी कोणाच्या फायद्याच्या होत्या? त्या विरोधाचा आडोसा कोणाला मिळाला? मेंढपाळांनी तेव्हा यहेज्केलचा चौतिसावा अध्याय काढायला हवा होता. काढला नाही. मी त्यांच्याच पंथाची असून सांगते, ते चुकले.

आणि आमची वसई? ज्या वाड्यांसाठी आई चालली, त्यांतल्या कितीतरी पुढे आम्हीच विकल्या, क्रूस गळ्यात घालून. बावखल बाहेरच्यांना माहीत नसेल: वसईच्या वाड्यांमधलं खोल खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साचतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात, समुद्राचं खारं पाणी आत सरकत नाही. काठाला भेंडीची झाडं, पाण्यात मासे, मेच्या महिन्यात केळीला पाणी. आमचं बावखल आम्ही १९९७ साली बुजवलं. माझ्या भावाच्या लग्नाच्या मांडवासाठी सपाट जागा हवी होती. तेरा ट्रक डेब्रिज. मी ते मोजत होते, मला गंमत वाटत होती. चार वर्षांत विहिरीचं पाणी मचूळ झालं. आई चहा तोंडाला लावायची आणि काही न बोलता खाली ठेवायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू त्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात, एकेक लोंबी घरी आणून क्रुसामागे खोचतात. गोव्यात हेच कणसांचं फेस्त, तिथे ते ऑगस्टमध्ये असतं. गेली कित्येक वर्षं आमच्या आगेऱ्याच्या लोंब्या दुसऱ्या गावाहून विकत आणाव्या लागतात. आमच्याकडे भातशेतीच उरली नाही.

त्या मेसेजवर विचार करताना माझ्या लक्षात आलं की आयुष्यभर पापनिवेदनाला गेले, तिथे राग सांगितला, खोटं बोलणं सांगितलं, सासूशी भांडलेलं सांगितलं, पण बावखल कधी सांगितलं नाही. ते पाप आहे असं मनातच आलं नव्हतं. यंदाच्या उपवासकाळात सांगितलं. जाळीपलीकडे फादर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, जेवढं उकरता येईल तेवढं उकरा.

मे महिन्यात आम्ही उकरलं. मांडवाच्या जागेतला एक कोपरा, पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद. भाऊ आधी तयार नव्हता, दुसऱ्या दिवशी स्वतः फावडं घेऊन आला. विटांचे तुकडे, टाइल्स, एक अख्खी गंजलेली खिडकी निघाली. पाच फुटांवर काळी माती लागली, जुन्या तळाची. त्या मातीला अजून तोच वास होता. माझी ती मैत्रीण रविवारी मुलाला घेऊन आली, दोघांनी घमेली उचलली. मेसेजबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. सकाळी जाऊन पाहिलं तर गुडघाभर पाणी होतं आणि काठावर एक बेडूक.